आपला चौकोन आपण शिवायचा नाही : शाळेच्या गोधडीची पूर्ण कृती

पहिल्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला सांगितलं, "उद्या येताना आपापल्या राज्याचं कापड घेऊन या." दुसऱ्या दिवशी एका मुलाने बांधणीच्या छापाचा एक चकचकीत तुकडा माझ्यापुढे ठेवला. त्याला दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती. त्याचे आईवडील राजस्थानातून आलेले, पण तो जन्मला पुण्याच्या कडेला, आमच्या शाळेमागच्या वस्तीत. घरात राजस्थानचं म्हणून दाखवावं असं काही सापडेना, तेव्हा वडिलांनी अर्ध्या दिवसाची मजुरी मोडून ते कापड विकत आणलं होतं. त्याच्या शेजारची मुलगी रिकाम्या हाताने आली. "बाई, आम्ही तर इथलेच. आमच्याकडं वेगळं काय असणार?"

चूक माझ्या प्रश्नात होती. पुढच्या आठवड्यात मी तो बदलला : घरातल्या कुणाच्या तरी अंगावर झिजलेलं कापड आणा, आणि ते कुणाचं होतं ते विचारून या. मग आजीच्या इरकल लुगड्याचा काठ आला, बिहारहून आलेल्या एका वडिलांचा गमछा आला, ताईच्या जुन्या गणवेशाची बाही आली, एका लमाण घरातून आरसे जडवलेला कांचळीचा, म्हणजे चोळीचा, तुकडा आला. 'आम्ही इथलेच' म्हणणारी मुलगी तर घडी करून वाकळेचा कोपराच घेऊन आली. "आज्जी कोल्हापूरकडची हाय. ती गोधडी म्हणत न्हाई, वाकळ म्हणते."

तेव्हापासून दरवर्षी एका वर्गाची एक गोधडी होते. पाचवी ते आठवीच्या कोणत्याही वर्गाला ती जमते. खाली दिलेली मापं ४४ मुलांच्या वर्गाची आहेत. पट वेगळा असेल तर हिशोब कसा फिरवायचा तेही सांगते.

गोधडीच का

भिंतीवर मोठं चित्र काढून घेणं सोपं आहे, मीही काढून घेतलंय. पण तिथे हात चांगला असलेली पाच-सहा मुलं चित्र काढतात आणि बाकीची रंगाच्या वाट्या धरतात. वेगवेगळ्या प्रांतांचे पोशाख घालून नाच बसवला तर पंजाब म्हणजे भांगडा आणि केरळ म्हणजे नारळ, यापलीकडे मुलांच्या हाती काही लागत नाही. गोधडीला मुख्य टाका एकच लागतो : धावदोरा. सुई खाली, सुई वर, पुन्हा खाली. चित्रकलेत नापास होणारं मूलही तो दोन तासिकांत शिकतं.

शिवाय हा टाका सगळ्यांच्या घरचा आहे. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, ही रीत जवळजवळ सगळ्या देशात आहे, नावं तेवढी बदलतात. उत्तर कर्नाटकात ती कौदी, तेलुगू घरांत बोंत, उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशाकडे कथरी, राजस्थानात गुदडी, सौराष्ट्र-कच्छात धडकी, सिंधी घरांत रल्ली. बिहारमध्ये नव्या बाळाला जुन्या कापडांच्या सुजनीत गुंडाळतात, तसंच आपल्याकडे आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं करतात. बंगालच्या कांथ्यासाठी बायका जुन्या साड्यांच्या काठातले रंगीत धागे ओढून काढायच्या आणि त्यांनीच शिवायच्या. मुलांना हे सांगितलं की वर्ग गप्प होतो, आणि मग एकदम सगळे हात वर होतात : आमच्यात काय म्हणतात ते सांगू का?

सिद्दी बायकांच्या कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, गोष्ट मी आवर्जून सांगते. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेली कितीतरी माणसं पळून जंगलात गेली. त्यांचे वंशज म्हणजे हे सिद्दी. ते आज कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांची घरची बोली कोकणी आहे. त्या बायका कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि फेरे घेत घेत मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांच्या घड्या एकावर एक शिवतात, त्यांना त्या फूल म्हणतात. ही फुलं नसली तर कवंदी उघडी वाटते म्हणे. आमच्या गोधडीच्या कोपऱ्यांवर ही फुलं असतात, आणि ती कुठून घेतली ते मुलं पाहुण्यांना सांगतात.

वेळ कशी बसवायची

निरोप दिवाळीच्या सुट्टीआधी द्या. त्या दिवसांत घरोघरी आवराआवर होते, माळ्यावरची गाठोडी खाली येतात. शिवाय बरीच मुलं सुट्टीत गावी जातात, आणि कापडाची गोष्ट सांगणारी आजी बहुतेक वेळा गावीच असते.

काम संपवायची तारीख २१ फेब्रुवारी धरा. तो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ मध्ये याच तारखेला ढाक्यात बांगला भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले. युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन येतो. गोधडी तो आठवडाभर शाळेत मांडून ठेवता येते.

कार्यानुभवाच्या आणि कलेच्या मिळून आठवड्याच्या दोन तासिका सलग मागून घ्या. एकच तासिका मिळाली तर तिच्यातली अर्धी दोरा ओवण्यातच जाते. कापड जमवून धुवायला दोन आठवडे, चौकोनांना तीन, जोडणीला एक, शिवणीला सहा, गोटाला म्हणजे कडेच्या पट्टीला एक. स्नेहसंमेलनाचे दोन आठवडे वाया जाणारच, ते आधीच वजा करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत. त्यातले दोन मुख्याध्यापकांकडून मागून घेतले तर चौकोनांचं काम सुटसुटीत होतं.

घरी पाठवायचा निरोप

निरोप छोटा ठेवा. मी असा पाठवते :

"नमस्कार. आपल्या वर्गाची एक गोधडी सगळे मिळून शिवणार आहोत. घरात कुणीतरी वापरून जुनं झालेलं, धुतलेलं सुती कापड मुलाबरोबर द्या. तळहाताएवढा तुकडा पुरे. नवं विकत आणू नका, चांगलं कापड कापू नका. ते कुणाचं होतं आणि तुमच्या बोलीत गोधडीला काय म्हणतात, एवढं मुलाला सांगा."

सगळ्या पालकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हाच निरोप मराठीत आणि हिंदीत बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. एका पालकांनी तो तेलुगूत बोलून दिला. त्या वर्षी ज्या घरांतून कधीच उत्तर येत नसे तिथूनही कापड आलं.

आता जपायच्या गोष्टी. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका. त्याचं उत्तर देताना जातीपाशी किंवा धर्मापाशी अडखळणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. "हे कुणाच्या अंगावर होतं?" या प्रश्नाला मात्र कुणीच अडखळत नाही. एखाद्याची आई नसते, एखादी मुलगी वसतिगृहात राहते, एखाद्या घरात खरंच जुनं काही उरत नाही, कारण सगळं अंगावरच असतं. अशा मुलांसाठी मी स्वतःच्या घरचे तुकडे एका पिशवीत ठेवते आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते, की पिशवीतलंही चालेल. पिशवीतलं कापड उचलणारं मूल ते कुणाचं होतं हे मला विचारतं, मी सांगते, आणि ती गोष्ट मग त्याची होते.

आलेलं कापड

कापडाचे तीन ढीग करा. सुती एका बाजूला. टेरिकॉट, नायलॉन, शिफॉन दुसरीकडे. ही कापडं सुईखाली सरकतात, म्हणून चौकोनावर ठेवून चारी बाजूंनी कच्चे टाके घालूनच वापरायची. टी-शर्टसारखं ताणलं जाणारं कापड तिसरीकडे. ते नुसतं शिवलं तर लाटेसारखं फुगतं, म्हणून मागे सुती कापड लावून घ्यायचं. पैठणी किंवा रेशमी काही आलं तर कापू नका, परत पाठवा. फार तर तिच्या काठावरचा मोर मुलाला कागदावर उतरवून घ्यायला सांगा आणि तोच चौकोनावर शिवून घ्या.

रंग जातो का ते प्रत्येक तुकड्याचं पाहायचं. पांढरा रुमाल ओला करून तुकड्यावर ठेवा, वर गरम इस्त्री दाबा, उचला. रुमालावर रंग उतरला तर तो तुकडा वेगळा भिजवा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि पुन्हा रुमाल लावून पाहा. तरीही रंग जात असेल तर तो तुकडा गोधडीत नको. मुलं आपापल्या कापडाची गोष्ट लिहितात त्या गोष्टींच्या वहीत चिकटवा.

दुसऱ्या वर्षी घाईत मी चार तुकडे न तपासता घेतले. पूर्ण झालेली गोधडी पहिल्यांदा धुतली तेव्हा एका कुंकवासारख्या लाल खणाचा रंग शेजारच्या चौकोनात उतरला, आणि तो चौकोन होता एका मुलाच्या आजोबांच्या पांढऱ्या धोतराचा. आजोबा त्याच वर्षी गेले होते. तो मुलगा काही बोलला नाही, नुसता त्या गुलाबी डागावरून बोट फिरवत राहिला. हे काम कंटाळवाणं आहे, तरी मुलांवर सोपवू नका. स्वतः करा.

चौकोन कापणं

बैठकीला, म्हणजे घरचा तुकडा ज्यावर शिवायचा त्या चौकोनाला, मांजरपाट हे साधं सुती कापड घ्या. स्वस्त असतो, सुई सहज जाते, त्याच्यावर पेन्सिल उठते. आधी धुऊन घ्या, कारण तो आटतो. ३६ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, मांजरपाटात १० इंचांचे तीन चौकोन बसतात. ४८ चौकोनांना १६ ओळी, म्हणजे १६० इंच, चार मीटरहून थोडा जास्त. आटण्यासाठी आणि चुकण्यासाठी धरून पाच मीटर आणा. चारी बाजूंना शिवणीत जाणारी अर्धा इंच माया सोडायची, म्हणजे शिवून झाल्यावर चौकोन ९ इंचांचा होतो. सहा आडवे, आठ उभे मांडले की वरचा थर ५४ इंच रुंद, ७२ इंच लांब होतो.

सहा आणि आठ मी मुद्दाम घेतले. दोन्ही आकडे सम असले की गोधडीला मधला चौकोन राहत नाही. आधीच्या वर्षी सात बाय सात केलं होतं, आणि मध्यभागी कुणाचा चौकोन यावर वर्ग दोन दिवस भांडत होता. पट कमी असेल तर सहा बाय सहा, जास्त असेल तर आठ बाय आठ करा. विषम आकडा टाळा.

४४ मुलांचे ४४ चौकोन. एक शाळेच्या सेविका मावशींचा, एक खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा, एक माझा. अठ्ठेचाळिसावा कोरा ठेवायचा. तो का, ते शेवटी सांगते.

सुई हातात देण्याआधी

मोठ्या नेढ्याच्या सुया घ्या, टोक मात्र धारदार हवं. बोथट सुई तीन थरांतून जात नाही आणि मूल जोर लावून बोट टोचून घेतं. प्रत्येक बाकाला स्पंजचा एक तुकडा आणि त्यात मोजून चार सुया. घंटेच्या पाच मिनिटं आधी सुया मोजायच्या. एक कमी भरली तर वर्ग हलत नाही. पहिल्या आठवड्यात हे कडक वाटतं, नंतर मुलं स्वतःच मोजतात.

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असं प्रत्येक मुलाला वाटतं आणि प्रत्येकाच्या दोऱ्याला गाठी पडतात. भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर ओवले तर टाका उठून दिसतो आणि बोटांना जडही जात नाही.

सराव पंचावर किंवा बारीक चौकड्यांच्या कापडावर घ्या. एक चौकडी वर, एक चौकडी खाली. रेघ आयती मिळते, टाके आपोआप सारखे पडतात. डावखुऱ्या मुलाला डावीकडून उजवीकडे शिवू द्या आणि त्याला दाखवताना त्याच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे त्याला आरशातल्यासारखं दिसतं. मुलगे "हे मुलींचं काम" म्हणतील असं मला वाटलं होतं. पण वर्गातल्या दोघांचे वडील शिलाईचं काम करत होते, आणि त्या दोघांनीच सगळ्यांना गाठ मारायला शिकवली : दोरा बोटावर दोनदा गुंडाळायचा, अंगठ्याने घासत खाली न्यायचा, ओढायचा.

चौकोनावर काय असावं

दोनच गोष्टी. घरचं कापड, आणि घरच्या भाषेतला एक शब्द.

कापडाच्या कडा पाव इंच आत दुमडून, टाचून, धावदोऱ्याने शिवायचं. आरसे, कवड्या, टिकल्या चौकोनाच्या कडेपासून किमान इंचभर आत हव्यात, नाहीतर जोडताना मशीनची सुई तुटते.

शब्द मुलाने निवडायचा. बहुतेक जण कापड ज्याचं होतं त्याला घरात मारायची हाक निवडतात : आज्जी, दादी, नाना, अम्मम्मा, ठाकुमा, याडी. शब्द घरातल्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात, त्यांच्या लिपीत कागदावर आणायचा, कार्बन पेपरने मांजरपाटावर उतरवायचा आणि उलट्या टीपेने, म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडं मागे येत, भरायचा. कन्नड, तेलुगूची गोल अक्षरं शिवायला अवघड जातात. तिथे टाके अगदी बारीक घ्यायला सांगा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि उजव्या हाताची सुईही तशीच जाते, त्यामुळे उर्दू शब्द शिवणाऱ्या मुलांचा हात सगळ्यांत सहज चालतो. हे लक्षात आलं तेव्हा ज्या मुलीचा शब्द उर्दूत होता, तिला मी फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना दाखवायला लावलं. लमाणांच्या गोरमाटीसारख्या बोलींसाठी आम्ही देवनागरी वापरतो. घरात लिहिणारं कुणीच नसेल तर शब्द फोनवर बोलून घ्या आणि मुलाने ऐकला तसा लिहू द्या. शुद्धलेखन तपासायला जाऊ नका; घरचा उच्चार हाच तिथे बरोबर.

ध्वज, नकाशे, देवांची चित्रं नकोत, हे आधीच सांगून टाकावं. ती आली की मुलं एकमेकांच्या घरांकडे बघायचं सोडून आपापल्या बाजू सजवायला लागतात.

मांडणी आणि जोडणी

सगळे चौकोन वर्गाच्या फरशीवर मांडा आणि मुलांना बाकांवर उभं करून वरून बघू द्या. गडद-फिकट आलटून पालटून येईल एवढंच बघा. एका भाषेचे चौकोन एकत्र येऊ देऊ नका, मैत्रिणींचेही नको. मांडणी ठरली की वरून फोटो काढा आणि प्रत्येक चौकोनाच्या मागे ओळ आणि जागा पेन्सिलने लिहा. गोळा करताना ढीग मिसळतोच.

जोडायला मशीन हवं. सहा चौकोनांची आडवी पट्टी, अशा आठ पट्ट्या, मग पट्ट्या एकमेकींना. एका पट्टीच्या शिवणीची माया डावीकडे दाबून इस्त्री करा, खालच्या पट्टीची उजवीकडे, म्हणजे चार कोपरे मिळतात तिथे जाड गठ्ठा होत नाही. आमच्याकडे हे काम एका विद्यार्थ्याचे वडील रविवारी शाळेत बसून करतात आणि त्यांना त्याचे पैसे दिले जातात. पालक आहेत म्हणून फुकट करून घेऊ नका. गोधडी शिकवायला एखाद्या आजींना बोलावलंत तर त्यांनाही मानधन द्या, आणि त्यांच्या सोयीची वेळ विचारा. बांधकामावर जाणारी आई मंगळवारी सकाळी अकरा वाजता शाळेत येऊ शकत नाही.

थर

एक जुनं नऊवारी सुती लुगडं मिळवा. त्याची लांबी नऊ वार, म्हणजे ३२४ इंच. त्याचे ८० इंचांचे चार तुकडे होतात. पन्हा ४५ इंचांचा असतो, म्हणून दोन-दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की ८९ इंच रुंदीचे दोन मोठे थर मिळतात. ते ६० बाय ७८ इंचांचे कापून घ्या : एक पाठ, एक आतला थर. उरलेल्या कापडातून ३ इंच रुंदीच्या चार लांब पट्ट्या निघतात, त्यांचा गोट होतो. एका लुगड्यात गोधडीची पाठ, पोट आणि किनार, तिन्ही. कापूस भरू नका. तो एका बाजूला गोळा होतो आणि मुलांची सुई त्यातून जात नाही.

सतरंजीवर पाठ उलटी पसरा, कडा चिकटपट्टीने जमिनीला ताणून चिकटवा. वर आतला थर, त्यावर चौकोनांचा थर, सुलटा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मधूनच कडेकडे कच्चे टाके घाला, सहा-सहा इंचांवर. या कामात घाई केली तर पाठीला चुण्या पडतात आणि शिवण झाल्यावर त्या निघत नाहीत. हे टाचण मी चार मोठ्या मुलींना आणि दोन मुलांना घेऊन शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर करते.

आता शिवण

शीर्षकातला नियम इथे येतो. आपला चौकोन आपण शिवायचा नाही.

आतापर्यंत प्रत्येकाने आपलंच काम केलेलं असतं. थर शिवताना मात्र प्रत्येकाची सुई दुसऱ्या कुणाच्या तरी आजीच्या लुगड्यातून जायची. पहिल्या दिवशी मुलं बिचकतात, कारण दुसऱ्याचं बिघडेल ही भीती असते. दहा मिनिटांनी आवाज यायला लागतात. "हा आरसा कुणाचा? याच्या बाजूनं जाऊ का मधनं?" "मधनं नको, फुटल. मम्मीनं लग्नात घातलेली कांचळी हाय ती." हेच संभाषण घडवण्यासाठी मी एवढा सगळा खटाटोप करते.

हिशोब असा. उभ्या रेघा दीड-दीड इंचावर, म्हणजे साधारण दोन बोटांवर. ५४ इंचांत ३६ रेघा, प्रत्येक ७२ इंचांची. एकूण २५९२ इंच शिवण. एका तासिकेत एक मूल हातभर, म्हणजे १८ इंच शिवतं. म्हणजे १४४ वेळा एकेका मुलाने बसायचं. एका वेळी बारा मुलं बसली तर बारा तासिका, आणि आठवड्याला दोन धरल्या तर सहा आठवडे. बारा मुलं गोधडीवर असताना बाकीची गोष्टींची वही लिहितात. रेघा खडूने आखून घ्या. मुलांना गोधडीवरच बसू द्या. घरोघरी बायका अशाच बसतात, आणि मधल्या भागापर्यंत हात पोचण्याचा दुसरा मार्ग नाही. तासिका संपली की गुंडाळण्याआधी पूर्ण गोधडीवरून लोहचुंबक फिरवा.

टाके वाकडे येतील. उसवून घ्यायचा मोह होतो, मलाही होतो. दोरा सैल राहून बोट अडकत असेल तेवढंच उसवा.

गोट, नावं आणि मांडणं

जास्तीच्या कडा कापून चारी बाजूंना गोट लावा, वरून मशीनने, पाठीमागून हाताने हेमिंग. कोपऱ्यांवर फुलं. वरच्या कडेला मागून चार इंच रुंदीची कापडी नळी शिवा, तिच्यातून काठी घालून गोधडी टांगता येते. खिळे ठोकू नका. उन्हाच्या भिंतीवर नको. काचेत तर मुळीच नको. आमची गोधडी फेब्रुवारीचा तो आठवडा टांगलेली असते, एरवी वाचनालयातल्या कपाटात घडी करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेली असते. शाळेत कुणाला ताप भरला की मावशी तीच काढून त्याच्या अंगावर घालतात.

पाठीवर खालच्या कोपऱ्यात मुलांच्या हाताने लिहिलेल्या नावांची पट्टी शिवा. २१ तारखेला पाहुण्यांची भाषणं आम्ही ठेवत नाही. प्रत्येक मूल आपल्या शब्दाशी उभं राहून घरच्या भाषेत दोन वाक्यं बोलतं आणि ज्या मुलाने त्याचा चौकोन शिवला, तो तीच मराठीत सांगतो. त्यासाठी त्या दोघांना आदल्या आठवड्यात एकत्र बसावं लागतं, तेवढा वेळ त्यांना द्या.

कोरा चौकोन

आमच्यासारख्या शाळेत जानेवारीत मुलं जातात आणि जूनमध्ये नवी येतात. इमारत उभी राहिली की मजुरांचं कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं. एका वर्षी अम्मम्मा शिवणारी मुलगी संक्रांतीनंतर आलीच नाही. तिच्या शब्दाचं निम्मंच अक्षरकाम झालं होतं, पुढची अक्षरं नुसती कार्बनची निळी. तिच्या मैत्रिणीने ती पूर्ण केली, पण दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घेतला. तिचा हिरवा जिथे संपतो तिथून पिवळा सुरू होतो. असं कुणी गेलं तर चौकोन काढू नका आणि नावही खोडू नका.

कोरा चौकोन मधेच येणाऱ्या मुलासाठी. जूनमध्ये नाव दाखल झालं की त्याला तोच निरोप द्यायचा आणि कापड आलं की पूर्ण झालेल्या गोधडीवर शिवायचं. त्यासाठी कडा दुमडून आधी इस्त्री करा, तुकडा टाचण्यांनी पक्का करा, गाठ तुकड्याखाली लपवा आणि सुई फक्त वरच्या थरातून न्या. पाठीपर्यंत गेली तर तिथल्या रेघा ओढल्या जातात. शब्द वेगळ्या कापडावर आधी भरून घेऊन मग तो लावणं सोपं पडतं.

दुसरं नवं मूल आलं तर? आमच्याकडे पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं, आणि कोरा चौकोन तोवर भरलेला होता. मुलांनीच गोधडी उलटी केली. पाठीवर लुगडं सगळं मोकळं होतं. तिथे आता पाच तुकडे आहेत.